धनकोंच्या यादीतलं पाचवं नाव

अंबडच्या कोर्टाच्या भिंतीला लागून, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर पत्र्याखाली एक टायपिंगवाल्या ताई बसतात. आधी त्यांचं लिहितो, मंग माझं. तीन वेळा मी माझ्यापासून सुरुवात करून पाहिली आणि तिन्ही वेळा स्वतःला बरा माणूस करून ठेवलं. ताईंपासून सुरुवात केली की तसं करता येत नाही. त्यांना सगळं माहीत आहे, कारण ते सगळं त्यांनीच टाइप केलंय.

वय पन्नाशीच्या पुढं. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पुढ्यात लॅपटॉप, बाजूला प्रिंटर, पायाशी बॅटरी, कारण लाइटीचा भरवसा नाही. बोटं कळांवर आणि डोळे समोरच्या माणसावर. ‘बोल पुढं,’ एवढंच म्हणतात. नाव लिहीत नाही, कारण लिहू का म्हणून विचारलेलं नाही. विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, ‘नाव टाकून काय करतो, ऱ्हस्व-दीर्घ बघ आधी.’

त्यांनी मला दोन वेळा मदत केली. पहिल्या वेळी खरं सांगितलं, ते मी ऐकलं नाही. दुसऱ्या वेळी त्या जास्त बोलल्या नाहीत, त्यांनी सही केली. त्या सहीमुळं मी आत गेलो नाही.

मी कुंभार पिंपळगावच्या बाजूचा. सातवीत शाळा सुटली. कुणी सोडवली असं म्हणता येत नाही; एक वर्ष कापसाच्या वेचणीला दिवाळीनंतरही थांबलो आणि मंग मास्तरसमोर जायची लाज वाटली, एवढंच. लाजेनं माणूस एखादी गोष्ट सोडतो आणि मंग ती सोडली याची लाज वाटून परत तिकडं फिरकत नाही, ही माझी खोड तेव्हापासूनची आहे. पुढं जे केलं ते याच खोडीचं मोठं रूप.

एकोणिसाव्या वर्षी जालन्याच्या एमआयडीसीत आलो. सळ्या काढणाऱ्या मिलमध्ये लागलो. लालभडक सळई भट्टीकडून येते, ती गार व्हायच्या पट्ट्यावर चिमट्यानं सरळ करायची, हे काम. लग्न झालं, पोरगी झाली. पोरगी चार वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन अंबडला माहेरी गेली. का गेली याच्यावर मी पुष्कळ बोललो आहे, टेंपोत, चहाच्या टपरीवर, नातेवाइकांत. इथं बोलत नाही. ती गेली त्यात माझी जीभ आणि दोन वेळा माझा हात होता, एवढं लिहितो आणि पुढं जातो.

दोन वर्षं केस चालून कोर्टानं पोरीसाठी महिना अडीच हजार पोटगी लावली. तिच्या आईनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ती ब्लाउज शिवते. मी दीड वर्ष बराबर दिले. दर महिन्याला अंबडला जायचो, पैसे सासऱ्याच्या हातात द्यायचो आणि ओसरीवर अर्धा तास पोरीला मांडीवर घेऊन बसायचो. ती मला शाळेतल्या कविता म्हणून दाखवायची. हातवारे करून.

मंग मिल बंद पडली. विजेच्या बिलावरून मालकाचं काही तरी बिनसलं म्हणत होते. चार महिने भट्टी थंड. त्या चार महिन्यांत मी पैसे दिले नाहीत आणि देऊ शकतही नव्हतो. इथपर्यंत मी खरा आहे.

पाचव्या महिन्यात मिल चालू झाली. पगार हातात आला आणि मी अंबडच्या बसमध्ये बसलो नाही.

हे मी आजपर्यंत कुणाला नीट सांगू शकलो नाही. चार महिने दिले नाहीत आणि काहीच झालं नाही, असं मला दिसलं. आभाळ पडलं नाही. पोरगी शाळेत जाते असं कानावर होतं. उलट मागचे चार महिने घेतल्याशिवाय कोणत्या तोंडानं जायचं, असं मी मलाच समजावलं, आणि मागचे चार नाहीत म्हणून पुढचाही दिला नाही. त्यात हप्त्यावर गाडी घेतली. ड्युटीला लागते म्हणालो. ड्युटीला टेंपो होता. न देण्याची पण माणसाला सवय लागते, जशी देण्याची लागते. पाच महिने झाले, सहा झाले. पैसे नाहीत म्हणून भेटायला जात नव्हतो, आणि भेटत नव्हतो म्हणून पैशाची आठवणही कमी कमी होत गेली. अकरा महिने झाले तेव्हा पोरीच्या आईनं अंबडच्या कोर्टात अर्ज टाकला.

नोटीस आली, मी गेलो नाही. मंग एका दुपारी ड्युटीवरून आलो तर घरमालक दारातच उभा.

‘पोलीस आल्ते तुझ्यासाठी. काय केलंस रे?’

‘गाडीचे कागद बघायला आले असतील.’

‘गाडीच्या कागदाला वॉरंट म्हणत्यात का?’

त्याला वाचता येत होतं. मला वाटलं होतं, येत नसेल.

दुसऱ्या दिवशी मिलच्या टेंपोत मी शिफ्टमधल्या एकाला हे सांगितलं. हळूच सांगितलं, पण टेंपोत हळूच असं काही नसतं. तो म्हणाला, ‘याड्या, नादारी घे ना मंग.’

‘म्हणजे?’

‘कोर्टात लिहून द्यायचं, माझ्याकडं काहीच न्हाई. दिवाळं निघालं. कोर्ट म्हणतं, बरं, जा. खल्लास. सगळे मागणारे घरी.’

‘पोटगी बी?’

‘सगळं म्हणजे सगळं. माझ्या साडूच्या भावानं केलं. आता बुलेटवर फिरून राह्यला.’

‘दिवाळं निघालेला माणूस बुलेटवर?’ मागून कुणी तरी विचारलं.

‘बायकोच्या नावावर हाये.’

सगळा टेंपो हसला. मी पण हसलो. पण माझ्या डोक्यात ते बसलं. मला त्यात पळवाट दिसली असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला त्यात सुटका दिसली. कोर्टानंच एकदा सांगितलं की याच्याकडं काही नाही, की मंग मला स्वतःला रोज सांगायची गरज उरणार नव्हती.

अंबडच्याच एका वकिलानं काम घेतलं, वॉरंटावर पुढची तारीख मागून घेतली. नादारीचा अर्ज जालन्याला जिल्हा कोर्टात जातो, तो ते दाखल करणार होते. पोटगी त्यात सुटत नाही हे त्यांनी मला सांगितलं होतं की नाही, ते आता आठवत नाही. सांगितलं असेल. मी त्या दिवसांत जे पाहिजे तेवढंच ऐकत होतो. ते म्हणाले, ‘ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्यांची यादी करा. नाव, पत्ता, रक्कम. एकही राहता कामा नये. बाहेर ताई बसतात, त्यांच्याकडून टाइप करून आणा.’

तर अशी माझी आणि ताईंची गाठ पडली. त्यांनी वर लिहिलं, ‘धनकोंची यादी’. मी विचारलं, धनको म्हणजे काय. म्हणाल्या, ‘ज्याचं तुझ्याकडं येणं आहे तो. बोल पुढं.’

मी सांगत गेलो. एक, गाडीची फायनान्स कंपनी. दोन, गटाचं कर्ज देणारी बँक. तीन, खोलीजवळचा किराणावाला. चार, मिलमधला मुकादम, त्याच्याकडून उचल घेतली होती. त्यांची बोटं चालत होती. शेजारी एक म्हातारा बाबा आपल्या कागदांची वाट बघत बसला होता, तो पण ऐकत होता.

‘पाच?’ ताई म्हणाल्या.

मी पोरीचं नाव सांगितलं. पूर्ण नाव. तिचं, मंग माझं, मंग आडनाव. पत्ता सांगितला. रक्कम साडेसत्तावीस हजार.

बोटं थांबली. ‘ही कोण?’

‘मुलगी.’

‘कुणाची?’

‘माझी.’

म्हातारा बाबा माझ्याकडं बघायला लागला. ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘पोटगी हाये का ही?’

‘हो.’

‘भाऊ, हे यानं उतरत न्हाई. मी वीस वर्षं हेच टायपिते. गाडीचं उतरंल, बँकेचं उतरंल, पोटगी न्हाई उतरत. नादार झाला म्हणून बाप असणं सुटत न्हाई, असं कायद्यातच हाये. तुझे पैसे वाया जातील आन पोरीच्या दारात नोटीस जाईल. यादीत जेवढे तेवढ्यांना नोटीस जाते.’

मला वाटलं, बाई आहे, बाईचीच बाजू घेणार. मी म्हणालो, ‘ताई, तुम्ही टाइप करा. तुमचं काय जातं?’

हे वाक्य मी बोललो. त्यांनी पाचव्या नंबरला पोरीचं नाव टाइप केलं, कंसात ‘अज्ञान’ लिहिलं, म्हणजे वयात न आलेली, आणि कागद काढून दिला. पैसे घेतले, सुटे परत दिले. म्हातारा बाबा म्हणाला, ‘लई शिकला जणू.’ मी तो कागद घेऊन निघालो तेव्हा मला वाटलं होतं की मी एक अवघड काम केलंय.

नोटिशा गेल्या. पोरीच्या आईचा फोन आला, वर्षानंतर पहिला. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळू बोलत होती.

‘बेलिफ आला होता. गल्लीत तिचं नाव विचारत विचारत घर काढलं त्यानं. मी कापड आणायला बाजारात गेल्ते. आईनं अंगठा दिला. आईला वाचता येत न्हाई. पोरीनं वाचून दाखवलं सगळं. दारात बाया जमल्या होत्या.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘तारीख लिहिलीय त्याच्यावर. तिला घेऊन येणार हाये मी. तिचं नाव हाये, तिनं बघू दे.’

तारखेच्या दिवशी जालन्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर आम्ही सगळे होतो. कंपनीचा एक तरुण, गळ्यात पट्टा. बँकेची बाई. किराणावाला आला नव्हता, मुकादमानं निरोप पाठवला होता की माझं राहू दे, माझं नाव कशाला घातलं कोर्टात. आणि टोकाला पोरगी आणि तिची आई. पोरगी नऊ वर्षांची झाली होती. शाळेचा ड्रेस घातला होता. सुट्टी काढून आणली असेल, पण ड्रेस शाळेचाच. दोन वेण्या, लाल रिबिनी.

मी बघितलं आणि खाली बघायला लागलो. थोड्या वेळानं बुटांचा आवाज आला. ती उठून माझ्याजवळ आली होती. तिची आई तिकडंच बसून होती, तिनं अडवलं नाही.

‘पप्पा.’

‘हं.’

‘मी शाळेत बाईंना विचारलं, धनको म्हणजे काय. बाई म्हणल्या, ज्यानं उसनं दिलं तो.’ तिनं कपाळाला आठ्या घातल्या. ‘पण मी तुम्हाला कधी उसनं दिलं? मी तर काहीच दिलं न्हाई. माझ्याकडं नव्हतेच पैसे.’

मी तिच्या रिबिनीकडं बघत राहिलो. कंपनीचा तरुण मोबाइलमध्ये बघत असल्यासारखं करत होता.

‘मंग मी साहेबाला सांगू का?’ ती म्हणाली. ‘की यांच्याकडं माझं काही न्हाई. मंग तुमचं नाव निघंल ना? मंग तुम्ही घरी येताल ना?’

इथं मला लिहायला थांबावं लागतं. त्या क्षणी मी काय केलं हे आतापर्यंत मी एकाच माणसाला सांगितलंय. मी ‘नको’ म्हणालो नाही. मला वाटलं, सांगू दे. लहान लेकरू आहे, खरं बोलतं, साहेब ऐकेल. साडेसत्तावीस हजार जातील. मी हे मनात मोजलं. पोरगी माझ्यासमोर उभी होती आणि मी मोजलं. आणि गप्प राहिलो, आणि माझ्या गप्प राहण्याला तिनं ‘हो’ समजलं. मला ते दिसलं. तरी मी गप्प राहिलो.

मंग पुकारा झाला. कोर्टाचा शिपाई दारात येऊन एकेक नाव मोठ्यानं घ्यायला लागला. पहिली चार नावं झाली. पाचवं त्यानं घेतलं. आपल्याकडं लेकरांच्या नावाच्या मधोमध बापाचं नाव असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळल्यासारखं झालं. त्यानं तिचं नाव घेतलं, मंग माझं घेतलं, मंग आडनाव, ‘अज्ञान’, आणि सगळा व्हरांडा वळून बघायला लागला, कारण मागणाऱ्याच्या नावात देणाऱ्याचं नाव होतं. तीन वेळा घेतात तसं त्यानं तीन वेळा घेतलं. तिसऱ्या वेळेला पोरीनं हात वर केला आणि शाळेत म्हणतात तसं म्हणाली, ‘हजर, सर.’

काही लोक हसले. वाईट हसले नाहीत. पण हसले.

आत गेलो. साहेबांनी कागद चाळले. वकील उभे होते. साहेबांचं बोट पाचव्या नावावर थांबलं. त्यांनी विचारलं, ‘ही मुलगी आलीय?’

पोरगी आईच्या हातातून निघून पुढं झाली. तिनं शिकून ठेवलं होतं. हात मागं बांधून, कविता म्हणतात तशी ती बोलली, ‘साहेब, पप्पांकडं माझं काही देणं न्हाई.’

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. ‘तुम्ही शिकवलंत हिला?’

‘न्हाई साहेब,’ मी म्हणालो. ते खरं होतं. आणि ते किती घाणेरडं खरं होतं हे मला बोलता बोलताच कळलं. पोरगी माझ्याकडं बघत होती. उत्तर बरोबर आलं ना, अशा नजरेनं. मी कविता ऐकताना मान हलवायचो, तशी मान मी हलवीन याची ती वाट बघत होती.

मी म्हणालो, ‘साहेब, हाये. माझ्याकडं हाये तिचं. सगळं हाये.’

तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, तिचं चुकलं.

साहेबांनी पुढचं सगळं शांतपणे सांगितलं. बाकीच्यांच्या देण्यासाठी अर्ज चालवायचा तर चालवा, पण पोटगीच्या हुकमाचं देणं नादारीतून सुटत नाही, आज नाही, उद्या नाही. ताईंनी पत्र्याखाली सांगितलेलं वाक्य मला परत ऐकू आलं, फक्त शुद्ध भाषेत. मी अर्ज मागं घेतला. वकिलांनी नंतर मला बाहेर विचारलं, ‘मागं का घेतला? बँकेचं तरी बघितलं असतं.’ त्या यादीतून चार नावं काढली असती तरी पाचवं राहणार होतं, आणि ते एकटं राहिलेलं मला बघवलं नसतं.

बाहेर पोरगी तिच्या आईच्या मागं उभी होती. आईनं मला एवढंच म्हटलं, ‘अंबडची तारीख आठ दिवसांवर हाये.’ त्या तारखेला पैसे भरायचे, नाही तर वॉरंटवर आत जायचं. महिनाभर आत बसलं की मिलमधली जागा जाते, आणि आत बसल्यानं देणंही फिटत नाही. हे तिला माहीत होतं, मलाही होतं.

आठ दिवसांत मी गाडी कंपनीला परत केली. त्यात मिळालं काही नाही, पण हप्ता थांबला. मोबाइल विकला. गावाकडं मागितलं नाही. गावाकडं सांगितलेलंच नव्हतं. साडेसहा हजार झाले. ते घेऊन तारखेच्या सकाळी मी ताईंच्या पत्र्यासमोर उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं.

‘उतरलं का?’

‘न्हाई.’

‘बस.’

मी सगळं सांगितलं. गप्प राहिलो तेही सांगितलं. ते ऐकलेलं पहिलं माणूस त्या. त्यांनी मधे ‘बोल पुढं’ म्हटलं नाही. मंग लॅपटॉप ओढला. ‘हप्ते मागून घेऊ. कारण काय लिहू? पैसे का भरले न्हाईत?’

‘मिल बंद होती.’

‘अकरा महिने?’

‘चार.’

‘मंग सात महिने काय होतं?’

मी म्हणालो, ‘ताई, अकराच टाका ना. कोण बघतंय?’

‘ऐक. मी खोटं टायपीत न्हाई असं न्हाई. रोज टायपिते, पोट हाये. पण हा कागद उद्या तुझी पोरगी वाचंल. तिला वाचायची सवय लागलीय आता.’ त्यांनी बोटं कळांवर ठेवली. ‘बोल पुढं.’

मंग मी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं. ‘चार महिने कारखाना बंद असल्यानं देता आले नाहीत. उरलेले सात महिने पगार चालू असूनही मी दिले नाहीत.’ कोर्टाच्या भाषेत ते वाक्य किती लहान दिसतं. मी त्याखाली सही केली.

कोर्टानं हप्ते दिले. पण दहा हजार आजच भरायचे, आणि वॉरंट रद्द करायला एक जामीनदार पाहिजे. जामीनदार म्हणजे माझ्या वतीनं शब्द देणारा माणूस, ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे. मी पळालो तर त्याला धरणार. माझ्या ओळखीत अंबडमध्ये एकच घर होतं, आणि ते सासऱ्याचं. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. संध्याकाळपर्यंत जामीनदार आला नाही तर पोलीस गाडीत बसवणार होते, तो हवालदार तिथंच तंबाखू मळत उभा होता. तो चांगला माणूस होता. म्हणाला, ‘जेवून घे, आत गेल्यावर उशीर होतो.’

ताईंना कुणी सांगितलं माहीत नाही. त्यांनी लॅपटॉप मिटला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला म्हणाल्या, ‘ध्यान ठेव,’ आणि घरी गेल्या. अर्ध्या तासानं आल्या तेव्हा हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घरपट्टीची पावती आणि आधार कार्ड.

आतला बाबू त्यांना रोज बघणारा. तो म्हणाला, ‘ताई, टायपिंग सोडून जामीन द्यायचा धंदा चालू केला का?’

‘तू लिही.’

‘अहो, ओळख काय याची तुमची? कोण लागतो?’

‘गिऱ्हाईक.’

‘गिऱ्हाइकाचा जामीन देता? हा पळाला तर घर जाईल ना तुमचं.’

‘मंग पळणार न्हाई तो,’ ताई म्हणाल्या, माझ्याकडं न बघता. ‘आन हे बघ, माझ्या पोराच्या कानावर घालायचं न्हाई कुणी. त्याला बीपी हाये.’

त्यांनी सही केली. दहा हजारात साडेतीन कमी होते, ते त्यांनी बाहेर पत्र्याखाली येऊन चहाच्या डब्यासारख्या एका डब्यातून काढून दिले, दहा-वीसच्या नोटा, दिवसभराच्या टायपिंगच्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतला. ‘पाया कशाला पडतो, खोकं पडंल बॅटरीचं. जा, जल्दी भर, काउंटर बंद होतो.’

त्या दिवसानंतर मी एकही तारीख चुकवली नाही, हे सांगताना मला मोठेपणा वाटत नाही. एका बाईचं घर माझ्या पायाला बांधलेलं होतं, म्हणून मी पळालो नाही. चांगला झालो म्हणून नाही. पुढं मिलनं माणसं कमी केली, त्यात मी गेलो. एका ठेकेदारानं कर्नाटकात लोखंडाच्याच कारखान्यात आणलं. इथली भाषा मला अजून पुरती येत नाही. कामगारांच्या खोलीत आम्ही सहा जण, सहा गावांचे. दर महिन्याला पगार झाला की मी आधी अंबडचे पैसे पाठवतो, मंग जेवणाचा खर्चा काढतो. पैसे गेल्याचा मेसेज येईपर्यंत मोबाइल हातातून ठेवत नाही. एकदा बँकेचं मशीन दोन दिवस बंद होतं, तर मी दोन्ही दिवस झोपलो नाही, ताईंचं घर डोळ्यांसमोर दिसायचं, जे मी कधी बघितलेलंही नाही.

मागची थकबाकी मागच्या महिन्यात संपली. ताईंचा जामीन मोकळा झाला. चालू महिन्याची पोटगी आहेच, ती पोरगी मोठी होईपर्यंत आहे. पोरीशी कधी कधी फोनवर बोलतो. ती आता कविता म्हणत नाही. काय चाललंय विचारलं की ‘काही न्हाई’ म्हणते. एकदा मी तिला म्हणालो, त्या दिवशी कोर्टात तुझं उत्तर चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. ती म्हणाली, ‘माझा अभ्यास राहिलाय, ठेवू का?’ मी म्हणालो, ठेव. तिनं मला माफ करावं असं मी कुठं लिहून मागणार नाही. त्याचा अर्ज नसतो.

ताईंना मी फोन केला होता. साडेतीन हजार पाठवतो म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘फोनवर पाठवू नको. पोरीचं झालं का?’ मी म्हणालो, मागचं झालं. ‘मंग माझं येतंय हळूहळू,’ म्हणाल्या आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.

पैसे त्यांच्या हातात द्यायला मी अजून अंबडला गेलेलो नाही. ठेकेदार सुट्टी देत नाही हे एक कारण आहे. त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटते, हे दुसरं, आणि मोठं तेच आहे. पण या वेळी ती लाज मला सातवीतल्या पोरासारखी पळवणार नाही. ताई, साडेतीन हजार तर देईनच. आणि माझ्यासारख्या एखाद्याला जामीन लागला आणि त्याच्या ओळखीत एकही घर नसलं, तर तोवर माझ्या नावावर कसलं तरी घर असेल, पत्र्याचं का होईना, आणि त्याच्या घरपट्टीची पावती घेऊन मी जाईन. केव्हा, ते सांगत नाही. तारखा मी फार चुकवल्यात. पण तुमचं देणं मी देईन.